अपडेटनंतर फोटो दुसऱ्या फोनवर येत नाहीत? आधी फोटो कुठे अडलाय ते शोधा

गौरीपूजनाच्या सकाळी आईचा फोन आला. "अगं, मुखवट्यांचे फोटो बघितलेस का? काल रात्रीच काढलेत." आई साताऱ्याजवळ गावी, मी ठाण्यात, बहीण पुण्यात. आईच्या फोनमधले फोटो आपोआप क्लाउडवर, म्हणजे इंटरनेटवरच्या साठवणीत, जावेत आणि तिथून आम्हा दोघींना दिसावेत, अशी सोय मी काही वर्षांपूर्वी लावून दिली होती. माझ्याकडे शेवटचा फोटो होता हरतालिकेच्या संध्याकाळचा, मखराला कागद चिकटवतानाचा. त्यानंतर काहीच नाही. विचारलं तर म्हणाली, "त्याच रात्री फोन आपोआप बंद होऊन चालू झाला. काहीतरी अपडेट म्हणत होता."

आमच्या घरी हे तिसऱ्यांदा झालं. तिन्ही वेळा निमित्त अपडेटचं होतं आणि तिन्ही वेळा कारण वेगळं निघालं. ओळखीच्यांपैकीही बरेच जण हाच प्रश्न घेऊन येतात, म्हणून मी ज्या क्रमाने तपासते तो क्रम इथे लिहून ठेवते. अँड्रॉइडवर गुगल फोटोज आणि आयफोनवर आयक्लाउड फोटोज धरून लिहिलं आहे, कारण बहुतेक घरांत यातलंच एक किंवा दोन्ही असतं.

पहिल्यांदा, काय करायचं नाही

अपडेटमुळे फोटो पुसले जाणं फार क्वचित घडतं. फोटो जातात ते त्यानंतर घाबरून केलेल्या उपायांनी. म्हणून फोटो कुठे आहेत हे कळेपर्यंत काहीही डिलीट करू नका, फोन रीसेट करू नका, खात्यातून साइन आउट करू नका आणि "जागा मोकळी करा" हे बटण दाबू नका. आयफोनवर आयक्लाउड फोटोजचा स्विच बंद करून पुन्हा चालू करण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. तो घाईने पाळू नका. स्विच बंद करताना फोन विचारतो की मूळ फोटो फोनवर उतरवून घ्यायचे की फोनवरून काढून टाकायचे. घाईत तिथे चुकीचं उत्तर दिलं जातं, आणि वर न गेलेले फोटो असतील तर मग खरंच पंचाईत होते.

सिंक म्हणजे बॅकअप नव्हे, हा फरक मी प्रत्येकाला सांगते. सिंकमध्ये सगळ्या फोनवर एकच संग्रह दिसतो. एका ठिकाणी पुसलेला फोटो सगळीकडून पुसला जातो. आमच्या सोसायटीतल्या एका काकांना टॅबवर तेच फोटो पुन्हा दिसले, त्यांना वाटलं ही जादा प्रत आहे, म्हणून त्यांनी टॅबवरचे काढून टाकले. फोनवरचेही गेले. लक्षात आलं अडीच महिन्यांनी, तोवर कचरापेटीही रिकामी झाली होती. त्यात नातवाच्या बारशाचे फोटो होते. त्यांचा तो चेहरा मी विसरलेले नाही.

कचरापेटीची मुदत माहीत असू द्या. गुगल फोटोजमध्ये बॅकअप झालेला फोटो पुसल्यावर ६० दिवस राहतो, बॅकअप न झालेला ३० दिवस. आयफोनच्या "नुकतेच डिलीट केलेले" या अल्बममध्ये साधारण ३० दिवस. फोटो नाहीसे झाले असं वाटलं तर सगळ्यात आधी तिथे बघा, कारण बाकी सगळं उद्या तपासलं तरी चालतं, ही मुदत मात्र थांबत नाही.

आणखी एक. गुगल फोटोजमध्ये "लॉक केलेलं फोल्डर" वापरत असाल आणि त्याचा बॅकअप चालू नसेल, तर ॲप अनइन्स्टॉल केल्यावर किंवा ॲपचा डेटा क्लिअर केल्यावर त्यातले फोटो कायमचे जातात. आधारची प्रत, दवाखान्याचे कागद असं बरंच काही लोक तिथे ठेवतात. "ॲप काढून परत टाका" असं कुणी म्हणालं की आधी हे फोल्डर रिकामं आहे का ते बघा.

चिठ्ठीचा फोटो

ज्या फोनवर फोटो दिसत नाही तोच बिघडला आहे असं वाटून आपण त्याच्याच मागे लागतो. मीही पहिल्या वेळी अर्धी रात्र माझाच फोन तपासत बसले होते. पण फोटोचा प्रवास दोन टप्प्यांचा असतो: काढलेल्या फोनवरून क्लाउडवर, आणि क्लाउडवरून दुसऱ्या फोनवर. माझ्या अनुभवात अडथळा बहुतेक वेळा पहिल्या टप्प्यात असतो.

तो ओळखायला मी चिठ्ठी वापरते. कागदावर आजची तारीख आणि वेळ मोठ्या अक्षरांत लिहायची आणि ज्या फोनवरून फोटो येत नाहीत त्या फोनने तिचा फोटो काढायचा. मग तिसऱ्याच ठिकाणी, शक्यतो संगणकावर, ब्राउझरमध्ये फोटोज डॉट गुगल डॉट कॉम किंवा आयक्लाउड डॉट कॉम उघडून त्याच खात्याने बघायचं. चिठ्ठी तिथे दिसली तर पहिला टप्पा ठीक आहे, दोष घेणाऱ्या फोनचा. दिसली नाही तर घेणाऱ्या फोनला हातही लावायची गरज नाही.

घाई मात्र करू नका. मोठ्या अपडेटनंतर फोन पहिले एक-दोन दिवस स्वतःच्याच कामात असतो. ॲप्सची नव्याने जुळवाजुळव, फोटोंची सूची पुन्हा बनवणं, चेहऱ्यांची ओळख हे सगळं मागे चालू राहतं, आणि आयफोनवर त्यातलं बरंचसं फोन चार्जिंगला आणि लॉक असतानाच होतं. फोन कोमट लागतो, बॅटरी लवकर उतरते. फोन रात्रभर वायफायवर आणि चार्जिंगला ठेवा. निम्म्या तक्रारी सकाळपर्यंत मिटलेल्या असतात.

आईच्या फोनची तीन दुखणी

पहिल्या वेळचं कारण अगदी साधं होतं. बॅकअप "फक्त वायफायवर" असा लावलेला होता आणि गावी वायफाय नाही. आधी मीच तिथे मोबाइल डेटाची परवानगी दिली होती. फोनच्या अपडेटनंतर ॲपने सेटिंग पुन्हा विचारलं तेव्हा आईने समोर दिसलं ते बटण दाबलं. गुगल फोटोजमध्ये वर उजवीकडच्या गोल चिन्हावरून फोटोज सेटिंग्ज, तिथून बॅकअप, आणि त्यात मोबाइल डेटाचा वापर, असं गेलं की रोजची मर्यादा ठरवता येते. रोज दीड जीबी मिळणाऱ्या रिचार्जवर सगळा डेटा फोटोंना देऊन चालत नाही, नाहीतर संध्याकाळी व्हिडिओ कॉल बंद. छोटी मर्यादा ठेवली तर फोटो हळूहळू जातात, पण जातात. व्हिडिओसाठी वेगळी परवानगी असते, ती मी बंदच ठेवते. यात एक खाच आहे. भावाच्या फोनचा हॉटस्पॉट घेतला तरी फोनला वायफायचंच चिन्ह दिसतं, पण अँड्रॉइड तो मोजून वापरायचा डेटा समजू शकतं आणि बॅकअप थांबून राहतो. "वायफाय आहे, तरी जात नाही" म्हणणाऱ्यांना मी पहिलं हेच विचारते की वायफाय कुणाचं आहे.

दुसऱ्या वेळी जागा संपली होती. अपडेट आणि जागा संपणं एकाच आठवड्यात घडलं, इतकाच काय तो संबंध. गुगलचे मोफत १५ जीबी जीमेल, ड्राइव्ह आणि फोटोज मिळून असतात. १ जून २०२१च्या आधी "हाय क्वालिटी"मध्ये, म्हणजे आकार थोडा कमी करून, चढवलेले फोटो या हिशेबात धरले जात नाहीत, त्यानंतरचे धरले जातात. शिवाय अँड्रॉइडवरचा व्हॉट्सॲपचा बॅकअप आधी या जागेत मोजला जात नसे. २०२३च्या अखेरीपासून टप्प्याटप्प्याने तो मोजायला सुरुवात झाली. आमच्याकडे नेमकं हेच झालं होतं. नातेवाइकांच्या ग्रुपवरचे सुप्रभातचे व्हिडिओ कित्येक जीबी अडवून बसले होते आणि फोटोंना दार बंद. यावर उपाय पैसे भरण्याचा नव्हे. व्हॉट्सॲपच्या चॅट बॅकअपमध्ये व्हिडिओही घ्यायचा पर्याय असतो, तो बंद करून नवा बॅकअप घेतला आणि जागा मोकळी झाली. जागा भरल्याची आणखी एक खूण म्हणजे त्याच खात्यावर मेल येणंही थांबतं. बँकेचे मेल दिसेनासे झाले असतील तर तपास तिथूनच सुरू करा.

आयक्लाउडवर मोफत जागा फक्त ५ जीबी. ॲपलच्याच हिशेबाने फोर-के व्हिडिओ ३० फ्रेम्सने काढला तर मिनिटाला सुमारे १७० एमबी लागतात, म्हणजे अर्ध्या तासाच्या चित्रणात पाच जीबी संपतात. लग्नातला एक सप्तपदीचा व्हिडिओ पुरतो. पैसे भरून जागा घेतली असेल तर ऑटोपे चालू आहे का, कार्डाची मुदत संपली आहे का, हेही बघा. हप्ता गेला नाही की सिंक थांबतं आणि घरातले अपडेटला बोल लावत बसतात.

आता यंदाचं, तिसरं कारण. यात मला सगळ्यात जास्त वेळ लागला, कारण वरवर सगळं चालू दिसत होतं. बॅकअपचा स्विच चालू, जागा शिल्लक, मोबाइल डेटाला परवानगी. तरी चिठ्ठी वर जाईना. मग सेटिंग्जमध्ये ॲप्स, त्यात गुगल फोटोज, त्यात परवानग्या, असं आईला एकेक शब्द वाचायला लावला. "फोटो आणि व्हिडिओ" समोर लिहिलं होतं: मर्यादित प्रवेश.

अँड्रॉइड १४पासून (२०२३) ॲपला सगळे फोटो दाखवायचे की निवडक, हे विचारलं जातं. आयफोनवर हाच प्रश्न आयओएस १४पासून, म्हणजे २०२०पासून आहे. सोय उत्तम आहे, अनोळखी ॲपला मी स्वतः कधीही सगळे फोटो दाखवत नाही. पण बॅकअपच्या ॲपला निवडक फोटो दिले तर ते तेवढेच ओळखतं. नवा फोटो त्याच्या लेखी अस्तित्वातच नसतो, त्यामुळे ते कुरकुरही करत नाही. "सर्व फोटोंना नेहमी परवानगी" असं केलं आणि काही मिनिटांत चिठ्ठी संगणकावर दिसली.

त्याच पानावर खाली आणखी एक स्विच असतो: ॲप वापरात नसेल तर परवानग्या काढून घ्या. अँड्रॉइड ११पासून बरेच महिने न उघडलेल्या ॲपच्या परवानग्या फोन स्वतःहून काढून घेऊ शकतो. आईसारखी माणसं फोटो बघतात फोनच्या गॅलरीत, बॅकअपचं ॲप कधी उघडतच नाहीत. अशा फोनवर हा स्विच बंद ठेवा.

बॅटरी वाचवणारा फोन

परवानगी पूर्ण असूनही फोटो फक्त ॲप उघडलं की जातात आणि एरवी थांबतात, असं असेल तर फोन त्या ॲपला मागे चालू देत नाहीये. अपडेटनंतर बॅटरीचे नियम पुन्हा मूळ पदावर गेलेले मी अनेक फोनवर पाहिले आहेत. सॅमसंगमध्ये बॅटरीच्या पानावर पार्श्वभूमीतल्या वापराच्या मर्यादा असतात, त्यात झोपलेल्या ॲप्सची यादी निघते. फोटोंचं ॲप त्यातून काढून "कधीही न झोपणाऱ्या" यादीत टाका. शाओमीत ऑटोस्टार्ट चालू करून बॅटरी सेव्हर "निर्बंध नाही" करायचा. ओप्पो, विवो, रिअलमी वगैरेंमध्ये शब्द वेगळे, पण ॲपच्या माहितीच्या पानावर बॅटरी असं लिहिलेलं सापडतंच.

आयफोनवर लो पॉवर मोड चालू असला, म्हणजे बॅटरीचं चिन्ह पिवळं असलं, की आयक्लाउड फोटोजचं काम थांबतं. त्या वायफायला लो डेटा मोड लावलेला असला तरी थांबतं. थांबलंय हे फोन सांगतो, पण कुठे ते पटकन सापडत नाही. जुन्या आवृत्त्यांत सगळ्या फोटोंच्या अगदी तळाशी गेलं की किती फोटो आहेत त्याखाली ती ओळ दिसायची. २०२४मध्ये आयओएस १८ने फोटोज ॲपची मांडणी बदलली, तेव्हापासून स्वतःच्या खात्याच्या गोल चिन्हावर बघावं लागतं. बहिणीला वाटलं तिचं सिंकच गेलं, खरं तर फक्त त्या ओळीची जागा बदलली होती. आयफोनवर गुगल फोटोज वापरणाऱ्यांनी पहिला मोठा बॅकअप करताना ॲप उघडं ठेवावं, कारण मागे राहिलेल्या ॲपला आयफोन फार वेळ काम करू देत नाही.

फोनची स्वतःची साठवण काठोकाठ भरली असेल तरीही गाडी अडते. अपडेट स्वतःच काही जीबी घेतं. मग नव्या फोटोंच्या छोट्या प्रतीही उतरवायला जागा उरत नाही.

फोटो आहे, पण जागेवर नाही

कधी कधी सिंक पूर्ण झालेलं असतं, तरी माणूस म्हणतो फोटो गेला. तेव्हा मी पुढच्या गोष्टी बघते.

खातं तेच आहे का? दुकानात नवा फोन घेताना पासवर्ड आठवला नाही म्हणून दुकानदाराने चटकन नवा जीमेल आयडी काढून दिलेला असतो. अपडेटनंतर ॲप विचारतं की कोणत्या खात्यावर बॅकअप घेऊ, आणि निवड होते दुसऱ्याच. फोटो सुखरूप असतात, फक्त परक्या घरी. गोल चिन्ह दाबून मेलचा पत्ता अक्षरन् अक्षर वाचा.

तारीख बरोबर आहे का? व्हॉट्सॲपवर आलेल्या फोटोत काढल्याची मूळ तारीख उरत नाही. फोन बदलला, फाइली एका जागेवरून दुसऱ्या जागी गेल्या की तीन वर्षांपूर्वीचा साखरपुडा आजच्या तारखेखाली दिसू शकतो. अँड्रॉइडवर अशा फाइलच्या नावात मात्र फोटो आल्याची तारीख असते: आयएमजी, मग वर्ष-महिना-दिवसाचे आठ आकडे, मग डब्ल्यूए आणि क्रमांक. फोटोचा तपशील उघडून तेवढं वाचलं की उलगडा होतो.

फोल्डर निवडलेलं आहे का? गुगल फोटोज सहसा फक्त कॅमेऱ्याचे फोटो आपणहून उचलतं. व्हॉट्सॲप, स्क्रीनशॉट, मेमरी कार्ड यांची फोल्डरं बॅकअपच्या यादीत एकेक करून चालू करावी लागतात. आणि अपडेटनंतर मेमरी कार्ड फोनला ओळखू येतंय ना, तेही बघा.

फोटो धूसर दिसतो, दाबल्यावर गोल फिरत राहतं? ते आयफोनचं "ऑप्टिमाइझ स्टोरेज". मूळ फोटो क्लाउडवर आहे, फोनवर छोटी प्रत. रेंज आली की उघडेल. प्रवासाला निघण्याआधी लागणारे फोटो घरच्या वायफायवर एकदा उघडून ठेवावेत.

खरंच अपडेटच चुकलं असेल तर

तसंही होतं. मे २०२४मध्ये आयओएस १७.५ आल्यावर काही जणांच्या फोनवर वर्षानुवर्षांपूर्वी पुसलेले फोटो परत दिसू लागले. डेटाबेस बिघडल्यामुळे हे घडल्याचं ॲपलने सांगितलं आणि २० मे रोजी १७.५.१ मध्ये दुरुस्ती आली. अशा वेळी आपण घरी कितीही खटपट केली तरी उपयोग नसतो. पुढचं छोटं अपडेट हाच उपाय. म्हणून वरचं सगळं नीट असूनही चिठ्ठी पोचत नसेल, तर फोनचं आणि फोटोंच्या ॲपचं, दोन्हींचं नवं अपडेट आलंय का ते बघा. अँड्रॉइडवर ॲपचा कॅशे, म्हणजे तात्पुरत्या फाइली, क्लिअर करून बघायला हरकत नाही, त्याने फोटो जात नाहीत. "डेटा क्लिअर" हा शेजारचा पर्याय वेगळा आहे, त्याला हात लावण्याआधी लॉक केलेल्या फोल्डरची गोष्ट आठवा.

वाट बघायचा काळ फार जपून काढा. जे फोटो अजून क्लाउडवर गेलेले नाहीत त्यांची प्रत जगात एकच असते, त्या एका फोनवर. तो फोन विहिरीत पडला, बसमध्ये राहिला, तर संपलं. मी अशा वेळी ते फोटो केबलने लॅपटॉपवर उतरवून घेते. केबल नसेल तर व्हॉट्सॲपवर "डॉक्युमेंट" म्हणून पाठवायला सांगते, म्हणजे फोटोचा दर्जा उतरत नाही आणि तारीखही शाबूत राहते.

आईचे गौरीचे फोटो त्या रात्री चार्जिंगला लावलेल्या फोनवरून एकेक करत वर आले. सकाळी उठले तेव्हा सगळे आलेले होते: मुखवटे, खणाच्या साड्या, सोळा भाज्यांचं ताट, आणि सगळ्यात शेवटी आईच्या हातातली, तिच्या गोल अक्षरातली ती चिठ्ठी.